बारगिराची गाडी

राजेंद्र नगर, इंदूर
रविवार, दुपार

प्रिय दादा,

प्रतापरावकाकांचे जावई परवा मस्कतला परत जात आहेत. त्यांच्याबरोबर दोन किलो लौंग सेव, आईच्या हातच्या शंकरपाळ्या आणि तुझा निळा स्वेटर पाठवते आहे. मस्कतमध्ये स्वेटर कशाला, असं मी म्हणून पाहिलं, तर आई म्हणाली, "तू गप बस, तुला शिकवलं म्हणजे काय थंडी पण तूच सांगणार का?" हे पत्र सेवेच्या पिशवीखाली ठेवलं आहे. ते घाईत वाचू नकोस, आणि वाचून झाल्यावर लगेच फोनही करू नकोस. फोनवर हे सांगायला मी तीनदा सुरुवात केली. पण तू प्रत्येक वेळी आधी "घरचं सगळं चालतंय ना?" असं विचारतोस, मी "चालतंय" म्हणते आणि मग माझा धीर होत नाही.

घरी सगळे ठीक आहेत. बाबांचा उजवा गुडघा आता जिना चढू देत नाही, म्हणून त्यांची खाट पुढच्या खोलीत आणली आहे. त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पणजोबांची गोष्ट ऐकावी लागते. काल गॅसवाल्याला अडवून ठेवलं होतं. होळकरांचा रिसाला, पांढरी घोडी, सगळं. गॅसवाला बिचारा म्हणाला, "बाबूजी, सिलिंडर तो उतार लेने दो." मला तेव्हा तुझी आठवण आली. तू असतास तर लगेच म्हणाला असतास, "पण बाबा, घोडी कोणाची? सरकारचीच ना! ज्याची घोडी स्वतःची तो शिलेदार. जो दुसऱ्याच्या घोडीवर बसतो तो बारगीर. आपण खानदानी बारगीर आहोत. पणजोबांनी सरकारची दौडवली, मी शोरूमची दौडवतो." मग बाबा "थोबाड बंद कर" म्हणाले असते आणि तू हसत हसत बूट घालून कामाला निघून गेला असतास. बारगीर म्हणताना तू दर वेळी हसायचास. त्यामुळे ते तुला लागत असेल, असं माझ्या मनात कधी आलंच नाही.

तुला आठवतं का, एकदा तू मला टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत बसवून राऊच्या रस्त्यावर नेलं होतंस? राऊच्या यार्डातून गाडी शोरूमला न्यायची होती आणि मला ऑफिसच्या नाक्यावर सोडायचं होतं. तू गिऱ्हाइकांशी बोलतोस तसाच माझ्याशी बोललास, "मॅडम, बेल्ट लगा लीजिए. अब देखिए, थर्ड में भी कैसे उठती है." आणि ती खरंच उठली. मी दाराचं हँडल घट्ट धरून बसले होते. तू डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होतास. मी काहीतरी छान म्हणेन अशी तुझी अपेक्षा होती. मी विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" तू एकदम हळू चालवायला लागलास. म्हणालास, "चल भिया, उतर. तुझ्यासारखी गिऱ्हाइकं आली तर शोरूमला टाळा लागेल." तेव्हा मी हसले होते. आता तो प्रश्न आठवला की मला कसंतरीच होतं.

त्याच वर्षी तू ती तांबडी गाडी बुक केलीस. काळ्या छपराची, लहानशी, जमिनीला चिकटून चालणारी. बाबांचा गुडघा तिच्यात मावला नसता, आईला तर बसताही आलं नसतं. शोरूममध्ये बारा वर्षं तू दुसऱ्यांच्या गाड्यांवर साटीनचं कापड घातलंस, हार घातलेस, चाकाखाली लिंबू ठेवलंस आणि त्यांचे फोटो काढलेस. दसऱ्याला तुलाही एकदा ते कापड स्वतःच्या गाडीवरून ओढायचं होतं. कर्ज मिळायला अडचण एवढीच होती की तुझी निम्मी कमाई रोखीत, तिचा कागद नाही. जामीन म्हणून माझी पगाराची चिठ्ठी आणि सही हवी होती. तू माझ्याकडे किती सावकाश आलास! गणपती उठल्यानंतरचा रविवार होता. तू पोहे-जिलबी घेऊन आलास, मला पहिल्यांदा वाढलंस आणि मग ब्रोशर पुढे सरकवून म्हणालास, "बघ ना जरा. तू रोज लोकांचं बघतेस. आपल्याला परवडतं का?"

आपल्या घरात कागद माझ्याकडे येतो. लाइटचं बिल असो की बाबांची पेन्शन, मी बोट ठेवीन तिथे आई अंगठा उठवते. ऑफिसात तर दिवसभर माझं तेच काम, कर्जाच्या अर्जांवर शेरा लिहायचा, परवडेल की नाही. त्या दिवशी मी तुझ्यासाठीही तसाच तक्ता मांडला. गाडी रस्त्यावर येईपर्यंत दहा लाख चाळीस हजार. जवळजवळ सगळंच कर्जाने घ्यायचं तर महिन्याचा हप्ता एकवीस हजारांच्या वर. तुझा पगार चोवीस. विमा, पेट्रोल, बाबांची औषधं. माझे आकडे बरोबर होते. मी तुला समजावून सांगितलं की गाडी विकत घेता येणं वेगळं आणि परवडणं वेगळं. ऑफिसात अनोळखी माणसाला सांगते त्याच आवाजात. तू ऐकून घेतलंस. ब्रोशरची घडी घातलीस. आणि मग विचारलंस, "नीट आठवून बघ निशी, आणखी काही मोजायचं राहिलंय का?"

मी म्हटलं, "नाही."

दादा, राहिलं होतं. खंडोबाच्या टाकामागे ठेवलेली ती मुदत ठेवीची पावती राहिली होती. शोरूममधून मिळालेला प्रत्येक वरचा पैसा नऊ वर्षं तू बँकेत टाकलास. पावती झाली तेव्हा बाबांनी तिला भंडारा लावला आणि म्हणाले, "हे निशीच्या लग्नाचं. याला आता कोणी हात लावायचा नाही." साडेसहा लाख. पैसे तुझेच होते. पण एकदा भंडारा लागला की तो कागद आपल्या घरात देवाचा होतो. तूही त्याचं नाव काढणार नव्हतास, आई-बाबाही नाहीत. ते सोडवू शकेल असं घरात एकच माणूस होतं, जिचं लग्न होतं ती. साडेसहा लाख आधी भरले असते तर हप्ता साडेआठ हजारांवर आला असता. मी रोज याहून वाईट अर्ज मंजूर करते.

आणि मला ठाऊक होतं की मला ते पैसे लागणार नाहीत. म्हणजे त्या रविवारी सकाळीही ठाऊक होतं, जिलबी खाताना. मानसबद्दल तुला मी कधी सांगितलं नाही. तो लातूरचा, राऊच्या एका कॉलेजात शिकवतो. शांत आहे, थोडा विसराळू आहे, त्याला गाडीच चालवता येत नाही. त्या आधीच्या चैत्रातच आमचं ठरलं होतं की कलेक्टर कचेरीत सह्या करायच्या आणि चार माणसांना जेवायला घालायचं. ना मंडप, ना बँड. पण तो आपल्या जातीचा नाही. बाबा गॅसवाल्यालाही रिसाला सांगतात, त्यांच्यापुढे हे कोणत्या तोंडाने काढायचं? 'ते पैसे मला नकोत' असं म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न 'का' असा आला असता. त्या 'का'ला मी घाबरले. म्हणून मी ती पावती तशीच राहू दिली आणि तुझ्या गाडीवर 'परवडत नाही' असा शेरा मारला. ऑफिसात माझ्या इमानदारीचं कौतुक होतं. एखाद्याने दोन हजारांचं उधार लपवलं तरी मी अर्ज परत करते. स्वतःचं मात्र साडेसहा लाखांचं लपवलं, तेही तुझ्यापासून.

दसऱ्याच्या दिवशी तू नेहमीपेक्षा लवकर गेलास. मला वाटलं, गर्दी असेल. पुढे शोरूमच्या इंटरनेटवरच्या पानावर मी तो फोटो पाहिला. तीच तांबडी, काळ्या छपराची. तू रद्द केलेली गाडी त्यांनी दुसऱ्या कोणाला दिली होती. एक मुलगा आणि त्याची आई कापडाचं एक टोक धरून हसत आहेत, आणि दुसरं टोक तुझ्या हातात आहे. तूही हसतोयस. तुझं कापड धरण्याचं काम तू नीट केलंस. संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला आलास तेव्हा म्हणालास, "आज सात डिलिव्हरी केल्या, कंबर गेली." त्या सातांतली एक कोणती होती, हे तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. पाच महिन्यांनी तू एका शेठचा ड्रायव्हर म्हणून मस्कतला निघालास. सगळ्यांना म्हणालास, "वहां पैसा अच्छा है." पहिल्याच फोनवर सांगितलंस की शेठकडे तीन गाड्या आहेत, एकीपेक्षा एक. "तीन घोड्या, निशे, आणि बारगीर एकच." बाबा खूप हसले. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

त्यानंतर मी मानसला दोन वर्षांहून जास्त नुसतं थांब म्हणत राहिले. आधी बाबांची भीती होती. नंतर दुसरीच भीती वाटायला लागली. लग्न कसं करणार आहे हे सांगितलं की तू मनातल्या मनात वजाबाकी करशील आणि तुला सगळं कळेल. तू गणितात कच्चा आहेस, असं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बाबांची चौकीदारी सुटली तेव्हा एकाचीच फी भरता येणार होती. तूच म्हणाला होतास, "निशीची भरा, मला असंही गणित येत नाही." तू आठवीत होतास आणि मी तिसरीत. या घरात शाळा पुरी केलेली पहिली मी झाले ती त्या वाक्यामुळे. तरीही मी मनाशी म्हणत असे की दादाला काही वजाबाकी जमायची नाही.

मागच्या आठवड्यात माझा जन्मदाखला शोधायला मी तुझी पत्र्याची पेटी उघडली. विचारलं नाही, त्याबद्दल माफ कर. तळाशी तुझी सातवीची गुणपत्रिका होती. गणितात शंभरपैकी एक्याऐंशी. मला कधीच एक्याऐंशी पडले नव्हते. तिच्याखाली त्या गाडीचं ब्रोशर होतं, आणि त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर तुझ्या अक्षरात पेन्सिलीने मांडलेला हिशेब. दहा चाळीस वजा साडेसहा. शिल्लक, हप्ता, सगळं बरोबर. आणि साडेसहाच्या आकड्याभोवती गोल काढून बाजूला एकच शब्द, 'निशीचे'. मग सगळ्या हिशेबावर एक सरळ रेघ. खाली तारीख आहे, त्या रविवारच्या आदल्या दिवसाची. म्हणजे माझ्याकडे येण्याआधी तू सगळं मोजून आला होतास. आणखी काही राहिलंय का, हे तू मला का विचारलंस, ते मला अडीच वर्षांनी कळलं. मानसबद्दल तुला ठाऊक होतं की नाही, ते मला माहीत नाही. असेल, तर माझ्या तोंडून निघेल म्हणून तू थांबला होतास. नसेल, तर एवढीच आशा असेल की बहीण स्वतःहून काहीतरी म्हणेल. यातलं कोणतं जास्त वाईट, हे मी आठवडाभर ठरवते आहे.

पावतीची मुदत संपली होती. काल मी आई-बाबांसमोर टाकामागून ती काढली आणि मानसचं, कचेरीचं सगळं सांगून टाकलं. आई रडली. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले. पैसे तुझ्या खात्यात जमा होतील. गाडी घे, असं मी म्हणणार नाही. ती गाडी कंपनीने आता बंद केली आहे. मी शोरूममध्ये जाऊन विचारलं. तुझ्या जागेवर आलेला माणूस म्हणाला, "मॅडम, अब वैसी नहीं आती." तू आता चौतीस वर्षांचा आहेस आणि चोवीस तास शेठच्या हाकेला बांधलेला आहेस. गेलेली वर्षं कुठल्या तक्त्यात भरायची ते मला येत नाही.

कचेरीत आमची नोटीस लागली आहे. पुढच्या महिन्याच्या सतरा तारखेला सकाळी अकरा वाजता सह्या आहेत. तीन साक्षीदार लागतात. मानसचे दोन मित्र येतील. तिसरी जागा मी मोकळी ठेवली आहे, आणि हे पत्र त्यासाठी लिहिलं आहे. बाबा येणार नाहीत. तू रागावला असशील तर तूही येऊ नकोस, मी कारण विचारणार नाही. साक्षीदाराला हिशेब तपासायचा नसतो. शेजारी उभं राहून आपलं नाव लिहायचं, एवढंच काम असतं. त्या रविवारी पोह्यांची बशी मध्ये ठेवून तूही माझ्याकडे एवढंच मागितलं होतंस.

वाट बघणारी, तुझीच
निशिगंधा