फानेच्या हृदयाची झडप

नुकुअलोफा,
४ मार्च १९९६

सौ. लेसिएलीवहिनींस,
तोआकासेचा स. न. वि. वि.

तुमची फाने स्वतःच्या लग्नाच्या खरेदीला इकडे आली, ती दवाखान्याचा जिना चढताना दोनदा थांबली. मी छातीला नळी लावली तर ठोक्यांमागे घरघर. इको काढला. डावीकडच्या दोन कप्प्यांमधली झडप जाड होऊन आवळली आहे. लहानपणच्या सांधेतापाची ही करणी. अशात दिवस गेले तर फुप्फुसात पाणी भरेल; पोरगी हातची जाईल. आधी झडपेचा इलाज, मग लग्न. आपल्यात आत्याचा शब्द मोडत नाहीत, म्हणून मुलाच्या घरीही कळवून टाकलं आहे.

तुमचा लोभ नाही हे ठाऊक आहे. उत्तर मात्र धाडा.

तोआकासे


नेआफू, १५ मार्च

डॉक्टर वन्संना,
सा. न. रीत म्हणून लिहिला.

काल मुलाचे काका आले आणि लग्न ठरताना आम्ही दिलेल्या विणलेल्या चटया परत ठेवून गेले. म्हणाले, आजारी सून आम्हाला झेपायची नाही. झालं तुमच्या मनासारखं?

आता माझं ऐका. फाने नऊ वर्षांची असताना ताप आला. आज गुडघा सुजायचा, उद्या कोपर. बोटीतून रात्रभर मांडीवर घेऊन तुमच्याकडेच आणली होती. तुम्ही नव्या नव्या डॉक्टर. हसून म्हणालात, वाढीचं दुखणं आहे, खोबरेल चोळा. मी दोन महिने चोळत बसले. आता सांगा, झडप कुणी बिघडवली?

तुमचा लोभ तुमच्याजवळच राहू द्या.

लेसिएली


नुकुअलोफा, २७ मार्च

सौ. वहिनींस,
स. न.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. आठवलं. त्या दिवशी मी नळी लावलीच नव्हती. चुकले. मुलाच्या घरी परस्पर कळवलं, तीही चूकच. रागवा, पण माझ्यावरचा राग पोरीच्या औषधावर काढू नका. दर चार आठवड्यांनी तिथल्या इस्पितळात पेनिसिलिनचं इंजेक्शन, एकही चुकवायचं नाही. नाहीतर ताप उलटेल आणि झडप आणखी जाईल. झडपेचा इलाज इथे होत नाही, म्हणून ऑकलंडच्या इस्पितळाला कागद पाठवले आहेत.

तोआकासे


नेआफू, २० एप्रिल

वन्संना,

इंजेक्शन दिलं. दोन दिवस कंबर धरून कण्हत होती आणि शिव्या मला. लग्न मोडल्याचं मी रडत होते, तर म्हणते, आई, मला आधी धड श्वास घेता येऊ दे, नवरा काय पळून जातो?

ऑकलंडची तारीख आली. तिथलं बोलणं मला कळत नाही. तुम्ही सोबत यायचं आहे. ही विनंती नाही.

लेसिएली


ऑकलंड, ९ जून

ती. विलीसोनीदादास, शि. सा. न.

तुझी लेक सुखरूप आहे. मांडीतल्या नसेतून तार नेऊन फुग्याने झडप मोकळी केली. सकाळी पाव खाल्ला आणि वॉर्डभर फिरली. इंजेक्शनं मात्र अजून कित्येक वर्षं.

आत काम चालू होतं तोवर वहिनी मला बाहेरच्या बाकावर सगळ्यांदेखत बोलत होत्या. तेरा वर्षांचं साठलेलं, एकही शब्द न गाळता. मी ऐकून घेतलं. डॉक्टरांनी झडप उघडल्याचं सांगितलं तशा बोलणं अर्धवट सोडून माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपल्या. तासाने जाग आली, तेव्हा जिथे सोडलं होतं तिथूनच पुन्हा सुरू.

तुझी,
तोआकासे