वहिनीच्या नावचं कार्ड

तलमडुगु, १९९४

दादा,

काल तुमच्याकडं भैंश्याला आले तेव्हा वहिनी म्हणाली, कापसाच्या जिनिंगमधलं काम सुटल्यापासून तू कोणाशी बोलतच नाहीस. म्हणून जेवताना मी मुद्दामच आपला जुना खेळ काढला. जिल्ह्याच्या नकाशावर तुझं, माझं अन् ह्यांचं राज्य, अन् प्रत्येक चाल पोस्टकार्डानं कळवायची! एकदा तू ह्यांना कार्ड टाकलंस, "दाजी, मी तलमडुगुवर चाल करून येऊन राह्यलो." कार्ड उघडं, ते आधी मीच वाचणार, हे तुला पक्कं ठाऊक. मी घाबरून सगळी फौज माझ्या तलमडुगुला बोलावली, अन् तिकडं तू माझं बाजारहत्नूर आरामात घेतलंस.

ते ऐकून तू हसलास, दादा. "अजून तेवढीच भोळी हायेस का वं?" म्हणालास. वहिनी भाकर वाढता वाढता थांबलीच.

हे पत्र मी पाठवणार नाही, नाहीतर माझा डाव फुटेल. उद्या वहिनीला कार्ड टाकते: "दादाला आता हा खेळ जमायचा नाही. बाजारहत्नूर मी परत घेते. त्याला सांगू नका."

कार्ड उघडं आहे. आधी तूच वाचशील.

तुझी पक्की दुश्मन,
जयवंता