जागच्या जागी

३ नोव्हेंबर

कुलूप दोन घाव खाऊनही तुटेना. तिसरा घाव कडीवर घातला, तेव्हा कडी, कोयंडा आणि दार सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. ही मागे हसत उभी होती. म्हणाली, घ्या, बघून घ्या एकदा माझी सवत.

शेड चाळीस फूट लांब, वीस रुंद. घरापेक्षा मोठी. पत्र्याचं छप्पर, सिमेंटची जमीन, उत्तरेला तीन खिडक्या. निवृत्त झाल्यावर अशी जागा मिळावी म्हणून मी तीस वर्षं वाट पाहिली. हिने घर पाहिलं, मी शेड पाहिली, आणि दोघांनी एकदम होकार दिला. हिचा आनंद दुहेरी: धाकटा भाऊ दोन गल्ल्या पलीकडे राहतो.

दिवसभर झाडलं. मागच्या भिंतीवर गोणपाट खिळ्यांनी ठोकलेलं होतं. ते ओढून काढलं. खाली प्लायवुडचा मोठा बोर्ड, पिवळा रंगवलेला, आणि त्यावर काळ्या रंगात हत्यारांचे आकार. करवतीचा, पकडीचा, काटकोनी गुण्याचा, पटाशांचा. प्रत्येक आकारात टांगायला खिळे. हत्यार एकही नाही.

मी जमिनीवरच बसलो. हिला वाटलं, चक्कर आली.

४ नोव्हेंबर

कंपनीत मी टूलरूम सांभाळायचो. तिथे असाच बोर्ड होता. सकाळी हत्यार न्यायचं, संध्याकाळी त्याच्या आकारावर आणून टांगायचं. एक जरी आकार रिकामा असला तरी गेट उघडायचं नाही, हा नियम माझा. एकदा एका पान्यासाठी साठ माणसं दीड तास उभी केली. निरोपाच्या दिवशी फोरमन सगळ्यांसमोर म्हणाला, साहेब, घरी वहिनींचाही आकार काढून ठेवलाय का भिंतीवर? सगळे हसले. मीही हसलो.

आज माझी हत्यारं लावली. हातोडी आकारावर चपखल बसली. तिचा दांडा मी स्वतः तासलेला, टोकाला जरासा वाकडा. आकारही तेवढाच वाकडा. पक्कड बसली. गुण्या बसला. शेडच्या नव्या कुलपाची किल्लीसुद्धा एका छोट्या आकारावर बसली. संध्याकाळी एकही जागा रिकामी नव्हती. मी बराच वेळ पाहत उभा राहिलो. ही म्हणाली, माझ्याकडे असं कधी पाहिलं नाहीत.

६ नोव्हेंबर

शेजारच्या नर्सबाई येऊन गेल्या. निवृत्त आहेत, पण नजर अजून ड्यूटीवरची. त्यांनी सांगितलं की आधीचा म्हातारा शेडमध्येच असायचा. बायको त्याला मदत करायची. मग एक दिवस ती दिसेनाशी झाली. विचारलं की म्हातारा म्हणायचा, सगळं जागच्या जागी आहे. तो गेल्यावर पुतण्याने हत्यारं गाडीत भरून नेली. बोर्ड मात्र नेला नाही, गोणपाटाने झाकला. का, ते बाईंना माहीत नाही.

९ नोव्हेंबर

कामाचं टेबल झालं. दहा फुटी, सागवानी फळ्यांचं. लाकूड जबड्यात आवळून धरणारा वाइस त्याच्या डाव्या टोकाला बसवला. मापं घेताना टेपचं दुसरं टोक ही धरते. तिच्या डाव्या हाताची करंगळी लहानपणी मोडलेली, बाहेर वळलेली आहे; टेप त्या करंगळीत बरोबर अडकते. मी म्हटलं, तुझा हात म्हणजे शेडमधलं सगळ्यात भरवशाचं हत्यार. ती म्हणाली, मग तेल घालत जा अधूनमधून.

खडूने दारावर नियम लिहिला: इथे जे वापरलं जाईल, त्याला बोर्डावर जागा पाहिजे. संध्याकाळी ती जागा भरलेली पाहिजे.

१३ नोव्हेंबर

गोल करवतीचं यंत्र आलं. मेहुणा मदतीला येतो. मी त्याला बंधुराज म्हणतो, तो मला दाजी. दिवसभर बडबड करतो, पण फळी सरळ ढकलतो. मी बटणापाशी, तो पात्यापाशी.

एक बारीक गोष्ट. बोर्डावर आज दोन आकार जास्त दिसले. उजव्या कोपऱ्यात, शेजारी शेजारी, आखूड, गोल टोकांचे. काल नव्हते. हा बोर्ड मी डोळे मिटून म्हणून दाखवू शकतो. काळ्या रंगाच्या डब्यात ब्रश ओला होता. मी ब्रश धुतल्याशिवाय कधी ठेवत नाही.

आखूड कानशी असाव्यात. माझ्याकडे नाहीत. झोप लागली नाही.

१५ नोव्हेंबर

कालचं आज लिहितो.

यंत्र बंद होतं. बंधुराज पात्याखालचा अडकलेला तुकडा काढत होता आणि हिला काहीतरी विनोद सांगत होता. पातं फिरलं. आवाज फळी कापताना होतो तसाच झाला, थोडा मऊ. रक्त खिडकीपर्यंत उडालं. तो ओरडला नाही. हात वर धरून बोटं मोजायला लागला. दोन कमी होती. दुसऱ्यांदा मोजली. मग ओरडला.

नर्सबाई धावत आल्या. हात कापडात आवळला, गाडी बोलावली. मला म्हणाल्या, बोटं शोधा, स्वच्छ पिशवीत घाला, पिशवी बर्फात ठेवा, लगेच दवाखान्यात या. ही भावाबरोबर गेली.

मी भुसा चाळला. दोनदा चाळला. नंतरचं थोडं आठवत नाही. मान वर केली तेव्हा बोटं बोर्डावर होती. त्या दोन आकारांत. तारेने बांधलेली. तारेला तीन पीळ. मी नेहमी तीनच पीळ देतो.

चार वाजले होते. काढून न्यायची, एवढंच काम होतं. मी उभा राहिलो. एकही जागा रिकामी नव्हती. दवाखान्यातून हिचा फोन आला, मिळाली का हो? मी म्हटलं, शोधतोय.

साडेसहाला पुन्हा फोन आला. आता उपयोग नाही, म्हणाली.

१६ नोव्हेंबर

बंधुराजाला भेटायला गेलो. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. हिला म्हणाला, ताई, विचार यांना, बटण कोणी दाबलं. हिने मला विचारलं नाही. ते जास्त वाईट.

बोटं मागच्या झाडाखाली पुरली. परत आलो तर हातात फावडं होतं आणि डोक्यात एकच गोष्ट: कोपऱ्यात दोन जागा रिकाम्या.

१७ नोव्हेंबर

संध्याकाळी उकरून आणली. बोर्ड भरला. मगच जेवण गेलं.

१९ नोव्हेंबर

बोर्डावर पिवळ्या रंगाचे दोन हात दिले. सगळे आकार गेले. हत्यारं पेटीत घातली. बोटं पुन्हा पुरली, वर दगड ठेवला. हिला म्हटलं, शेड बंद करतो, बागकाम करू. ती रडली आणि हसली. म्हणाली, मला सवत चालली असती हो, पण ही खाष्ट निघाली.

२० नोव्हेंबर

सगळे आकार परत. रंग वाळलेला. हत्यारं जागेवर. बोटं जागेवर, नखांत माती.

माझ्याही नखांत माती.

आणि मधोमध एक नवीन. मनगट, पंजा, चार बोटं सरळ. करंगळी बाहेर वळलेली.

२१ नोव्हेंबर

बोर्ड उखडला, फोडला, जाळला. मागे नुसती भिंत असायला हवी होती. भिंतीवर तेच आकार. गिलाव्यात. मधोमध तिचा हात. घणाने मारलं. गिलावा पडला, विटांचे टवके उडाले, हाताएवढा भाग तेवढा उभा राहिला, सुबक, कोरून काढल्यासारखा. त्याच्या वर दोन खिळे.

नियम मी लिहिला होता. माझ्या अक्षरात. पुसला तरी दारावर दिसतो.

२२ नोव्हेंबर

सकाळी ती भाजी निवडायला बसली होती. भानावर आलो तेव्हा तिचा डावा हात टेबलावर धरून मी पेन्सिलीने कड काढत होतो. तिला वाटलं, चेष्टा. म्हणाली, गुदगुल्या होतात. मी पेन्सिल मोडली.

तिला म्हटलं, भावाकडे जा. म्हणाली, तुमच्यामुळे तो मलाही दारात उभं करत नाही. बहिणीकडे जा. म्हणाली, तुम्ही हे असे, जेवत नाही, झोपत नाही, तुम्हाला टाकून कुठे जाऊ? मी म्हटलं, मी तुझा हात कापेन. तिने मोडलेल्या पेन्सिलीचे तुकडे गोळा केले. मग म्हणाली, डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतली आहे. तोपर्यंत मी इथेच आहे.

आज मंगळवार.

२३ नोव्हेंबर

ती शेडमध्ये चहा घेऊन आली. मी बोलावलं नव्हतं. बोलावलं असेन. कप खाली पडला तेव्हा तिचं मनगट वाइसच्या जबड्यात होतं आणि दांडा मी फिरवत होतो. ती माझं नाव घेऊन ओरडत होती. लग्नानंतर तिने मला नावाने कधीच हाक मारली नव्हती. त्याने मी थांबलो. उलटा फिरवला. हाड मोडलेलं नाही. सुजलंय. काळं पडलंय.

करवत माझ्या बगलेत होती.

तिने चावा घेतला ते बरं केलं. मला खांद्यावर चांगलं खोल लागलंय.

आता काय करायचं ते दोघांनी बसून ठरवलं. किती वर्षांनी असं बसलो. मी शेडमध्ये राहायचं. तिने बाहेरून कुलूप लावायचं. किल्ली तिच्याकडे. मी काहीही म्हटलं, कसंही म्हटलं, उघडायचं नाही. शुक्रवारी डॉक्टरांना इथेच आणायचं. खिडक्यांना गज आहेत, मीच बसवलेत. पक्के आहेत.

२४ नोव्हेंबर, सकाळ

कुलूप लागलं. गजांतून जेवण दिलं. बाकी ठीक. फुटक्या भिंतीवर सगळे आकार परत आलेत. दोन जागा रिकाम्या: हात आणि किल्ली.

हत्यारं बाहेर घे म्हटलं होतं मी. ती म्हणाली, दिलीत ना सगळी. दिली होती. इथे सगळी आहेत.

दुपार

किल्ली मागितली. गोड बोलून. ती म्हणाली, नाही. शहाणी बाई. मग मी शिव्या दिल्या, घाणेरड्या, तिच्या आईवरून — ती दाराशी बसून रडत होती, पण नाही म्हणाली. उठू नकोस, असं मला म्हणायचं होतं. बसून राहा —

दोन जागा. दोन. बघवत नाही. डोळे मिटले तरी —

एक मार्ग आहे. हात हवा आहे ना. हात माझ्याकडेही आहे.

डावा लावून पाहिला. मोठा होतो. पंजा रुंद, करंगळी सरळ. करंगळी वाइसमध्ये धरून वळवली. मोडली. आता बाहेर वळते, हिच्यासारखी. लावून पाहिला. अजून मोठा —

वाइसमागच्या ऐरणीवर ठेवून हातोडीने बारीक करतोय. चार घाव घातले. ओरडायचं नाही, तिला ऐकू जाईल. पाचव्याला तोंडातून निघालंच.

अजून बसत नाही. अर्धा इंच —

ती दार वाजवतेय. अहो, काय करताय, अहो. मी म्हटलं, जा. जोरात म्हटलं. आवाजच निघत नाही. ती म्हणते, बोला ना काहीतरी. मी बोलतोय. मी सांगतोय, उघडू नकोस, अगं, मी ठीक आहे, उघडू —

कुलूप वाजलं.

दारात उभी आहे. माझा हात बघून तोंडावर पदर. मला धरायला येतेय. किल्ली डाव्या —

२५ नोव्हेंबर

सकाळी नर्सबाई फाटकाशी आल्या होत्या. काल ओरडण्याचा आवाज आला, ही कुठे आहे, असं विचारत होत्या. मी सांगितलं, सगळं जागच्या जागी आहे. त्या पळत गेल्या.

किल्ली जागेवर आहे. हात जागेवर आहे. फुटलेल्या भिंतीला नवीन फळ्या ठोकायच्या म्हणून माप घेतलं. माझा डावा चालत नाही, पण अडचण आली नाही. टेपचं दुसरं टोक तिच्या करंगळीत बरोबर अडकलं.