हुकूम खालून चालेल

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा झाडांची छाटणी व तोडणी, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही आणि या लिखाणासाठी मला कोणी भरीस घातलेले नाही. डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांची आशा सोडली आहे. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही. याआधी मृत्युपत्र केले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

एक. राहते घर सुनेच्या नावे. मुलाच्या का नाही, असे विचारणाऱ्यांनी आमचे छप्पर गळायचे कोणी थांबवले ते आठवावे. मागच्या अंगणातल्या झाडाचा शेंडा मात्र तिनेही उडवू नये. शेंडा उडवला की झाड आटोक्यात राहते, असे सांगणारा माणूस आमच्या धंद्यातला नव्हे. तशा झाडाला चहूबाजूंनी फुटवे येतात, ते वरवर चिकटलेले असतात आणि पुढच्या वादळात कोणाच्या तरी डोक्यावर बसतात.

दोन. बँकेतील शिल्लक मुलाची आणि सुनेची, निम्मी निम्मी. तडा गेलेली हेल्मेटे त्यातून आधी बदलावीत. "अजून चालतंय की" म्हणणाऱ्या कामगाराला त्या दिवशीची मजुरी देऊन घरी पाठवावे.

तीन. हातकरवती सुनेला. तिच्या वयात मी तिच्याइतक्या सफाईने चढत नव्हते, आणि हे वाक्य मी सहजासहजी लिहिलेले नाही. जड फांदी एका घावात काढू नये हे तिला ठाऊक आहे, तरी नव्या माणसांसाठी लिहिते: आधी खालून थोडी चीर, मग जरा पुढे वरून काप, म्हणजे फांदी साल सोलत खाली जात नाही. उरलेला खुंट शेवटी काढावा, पण फांदी खोडाला मिळते तिथला फुगीर कंगोरा शाबूत ठेवून. जखम झाड तिथूनच भरून काढते. तिच्यावर डांबर फासू नये, गिऱ्हाईक कितीही हटून बसले तरी.

माझा निळा दोर कोणालाच नाही. त्याने मला एकदा पडताना झेलले आहे, आणि झेललेला दोर पुन्हा वापरायचा नसतो. त्याचे तुकडे करावेत. आठवण म्हणून भिंतीवर टांगू नये. टांगलेली वस्तू कामाच्या घाईत हमखास खाली उतरते.

चार. आता सासरची मंडळी. नवरा तापाने गेला आणि मी त्याचा झाडावर चढायचा कमरपट्टा चढवला, तेव्हा धाकटे दीर सोडून सगळे एका सुरात म्हणाले, "बाईमाणूस झाडावर चढलं तर लोक काय म्हणतील?" लोक म्हणाले, "बाई, आमच्याकडे कधी येता?" त्या मंडळींना मी काही ठेवत नाही. माझ्या हाताखालचा एकही माणूस झाडावरून पडून मेला नाही. याची मला घमेंड आहे, आणि ती मी बरोबर नेणार आहे.

पाच. व्यवसाय, त्याचे नाव, गाडी आणि कामांवरचा शेवटचा शब्द माझ्या मुलाचा.

हे वाचून कामगार चुळबुळ करतील, म्हणून खुलासा करते. मुलाला उंचीची भीती वाटते. लहानपणी तो पहिल्याच फांदीला मिठी मारून बसला आणि माझ्या धाकट्या दिरांनी त्याला पाठीवर घेऊन उतरवले. तेव्हापासून दीर त्याला "भुईमूग" म्हणतात. त्यांचे म्हणणे, "मालक झाडावर असतो, खाली उभा राहतो तो हमाल." कामगार त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. दीर त्यांना घेऊन उठून गेले तर माझ्या मागे हा धंदा महिनाभरही तगणार नाही.

पण वर चढलेल्याला फांदी दिसते, झाड दिसत नाही. झाड खालच्याला दिसते. एकदा वादळानंतर शाळेच्या छपरावर कललेल्या झाडावर दीर चढले होते. सगळे वर पाहत होते, मुलगा बुंध्याकडे पाहत होता. तो ओरडला, "काका, सोडा ते, खाली या! मुळाकडची माती उचलतेय!"

"गप रे भुईमुगा! अर्धं काम झालंय!"

"काका, आधी उतरा, मग शिव्या द्या!"

शिव्या देतच ते उतरले. दोर सोडून ते बाजूला होतात तोच झाड मुळासकट आडवे झाले. त्यानंतर आजवर दीर सांगत आले आहेत की ते वर असते तर झाड पडलेच नसते. मुलगा एकदाही उलट बोलला नाही. त्याला वाटते, आपण आईला कमीपणा आणला. बाळा, वेडा आहेस तू. मी इतकी वर्षे निर्धास्त चढले, कारण खाली तू होतास.

सहा. फांद्यांचा चुरा करणारे मोठे यंत्र दिरांना. ते घेऊन त्यांना उद्या वेगळा धंदा काढता येईल. राबले आहेत ते. रिकाम्या हाताने पाठवणार नाही.

सात. हे कलम वरचे सगळे वाचून झाल्यावर, वकीलबाईंच्या संमतीने घातले आहे. दुसरा साक्षीदार म्हणून बाहेरचा कोणी मी मुद्दामच बोलावला नव्हता, दिरांना बोलावले होते. वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला यातून काही मिळतं, त्याने साक्षीला सही करू नये." मी म्हटले, "भाऊजी, यंत्र हवं की सही करता?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "वहिनी, ते झाड पडणारच होतं. मला वरूनच हादरा कळला होता. पोरानं हाक मारली नसती तर मी हट्टानं बसून राहिलो असतो." मग वकीलबाईंना म्हणाले, "ते सहावं खोडा." सबब कलम सहा रद्द. यंत्रही मुलाचे.

मुलगा दारात उभा होता. एवढा बाप्या, पण रडला. मीही रडले, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली.
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यातली.
लिहून देणार: (सही)
साक्षीदार पहिली: शेजारीण, शिवणकाम करणारी. (सही)
साक्षीदार दुसरा: लिहून देणारीचा धाकटा दीर. (सही) वाचून, समजून सही केली. सोमवारपासून पुतण्या म्हणेल तेव्हा चढेन, आणि उतर म्हणाला की उतरेन.