पान १७१ आणि गट क्रमांक ११८ मधील माझा हिस्सा

मी, अर्पिता उत्तरेश्वर बारकुल, वय ३१ वर्षे, माती परीक्षण प्रयोगशाळेत तंत्रज्ञ, मूळ राहणार मौजे पिंपळवाडी, तालुका वाशी, हल्ली मुक्काम कळंब, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या हाडांतील मज्जा रक्त तयार करत नाही. धाकटा भाऊ रणधीर याचा नमुना जुळला नाही. त्याने तो आपणहून दिला होता, हे त्याच्या बाजूने नोंदवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. जो होता, तो कलम ६ मध्ये लिहिला आहे.

१. बँकेतील शिल्लक व कानातले आई, सौ. अयोध्या, हिला द्यावे. त्यावर चर्चा नको.

२. लॅपटॉप, प्रिंटर आणि माझ्या कादंबरीचे सात खर्डे निकिताला द्यावेत. निकिता शेजारी राहते, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि दर रविवारी मला कथा दाखवते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. वस्तूंसोबत पुढील सूचना तिच्यावर बंधनकारक आहेत. हे कायद्यात टिकणार नाही, मला माहीत आहे.

पहिला खर्डा लिहिताना मागे वळू नये. शब्द सुचला नाही तर तिथे चौकोन काढावा आणि पुढे जावे. खर्डा संपला की महिनाभर कपाटात ठेवावा. ओली माती चाळणीतून जात नाही, आधी वाळवावी लागते. तीही सावलीत, कारण उन्हात तिचे गुण बदलतात.

दुरुस्तीच्या एका फेरीत एकच दोष शोधावा. पहिल्या फेरीत फक्त घटना आणि तारखा. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात एक बाई चौदा महिने गरोदर होती. पुढच्या फेरीत फक्त बोलणे, त्यापुढच्या फेरीत फक्त विशेषणे. सगळे एकदम दुरुस्त करायला गेले की माणूस स्वल्पविराम हलवत बसतो आणि काम केल्याचे समाधान मिळवतो.

वाईट पान टाकणे सोपे असते. अडचण चांगल्या पानांची. मातीचा नमुना जास्त झाला की आम्ही तो कापडावर पसरून चार भाग करतो, समोरासमोरचे दोन टाकतो, उरलेले मिसळून पुन्हा चार करतो, अर्धा किलो उरेपर्यंत. टाकलेली माती वाईट नसते. निकिता म्हणते, ‘ताई, एवढं चांगलं वाक्य. जीव तुटतो ओ.’ तुटू द्यावा.

३. प्रयोगशाळेत बरेच जण उकिरड्याजवळची किंवा झाडाखालची माती घेऊन येतात. फसवायला नव्हे. अहवाल बरा यावा, चारचौघांत मान खाली जाऊ नये, म्हणून. अहवाल बरा येतो आणि रान आहे तसेच राहते. असे नमुने मी आठ वर्षे परत पाठवले. निकिताने लिहिताना स्वतःला विचारावे की ही माती रानातल्या कोणत्या जागेवरून आणली. मी ते वेळेत विचारले नाही.

४. घरच्यांना हस्तलिखित दाखवू नये, असा सल्ला मी देत असे. तो मागे घेते. रणधीरने पाचवा खर्डा हातात घेऊन विचारले, ‘ह्यात माझं नाव न्हाय ना?’ नाही म्हटल्यावर परत ठेवला. आईने मात्र चष्मा लावून अठरा दिवसांत सगळा वाचला. म्हणाली, ‘दोनशे चाळीस पानं झाली, तुझ्या बाईनं एकदाबी चूल पेटवली न्हाय. उपाशी मारलीस का तिला?’ सहा वर्षांत मला मिळालेला हा सर्वांत उपयोगी अभिप्राय. मी सहाव्या खर्ड्यात चूल घातली. मग चष्मा पुसताना ती म्हणाली, ‘आन कागद कारकुनानं न्हाय वाचला.’

५. कादंबरी माझी आत्या, बानूबाई माणिक कवडे, हिच्यावर आहे. नावे बदलली आहेत. नवरा वारल्यावर आत्या माहेरी आली आणि बावीस वर्षे आमच्या रानात राबली. २०१३ साली माझ्या वडिलांनी गट क्रमांक ११८ मधील तिच्या हिश्श्याचे हक्कसोड पत्र तयार केले. तिला सांगितले, सातबाऱ्यावरचे नाव दुरुस्त करायचे आहे. आत्याला वाचता येत नाही. ती म्हणाली, ‘अर्पीनं वाचून दाखवला तर अंगठा देते.’

कादंबरीत पान १७१ वर तो कागद एक कारकून वाचतो आणि हक्क सोडल्याची ओळ गाळतो. प्रत्यक्षात ती ओळ मी गाळली. वडिलांनी आदल्या दिवशी बोट ठेवून दाखवली होती: ‘एवढी वळ सोडायची. बाकी समदं वाच.’ मी एकोणीस वर्षांची होते, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. आत्याला एक साडी मिळाली. तीन वर्षांनी तिला घरही सोडावे लागले. हल्ली ती तुळजापुरात एका लॉजवर चादरी धुते.

सात खर्डे मी त्या कारकुनाचा खोकला, त्याची टोपी, त्याची बोटे सुधारत राहिले. कादंबरीतला सर्वांत जिवंत माणूस तोच, असे निकिता म्हणते. बरोबर आहे. ज्या पानावर सर्वांत जास्त मेहनत झाली असेल, ते पान आधी तपासावे.

६. वडील वारल्यावर गट क्रमांक ११८ ला आई, रणधीर आणि मी अशी तीन नावे लागली. त्यातील माझा एक तृतीयांश अविभक्त हिस्सा मी बानूबाई माणिक कवडे यांना देते.

गेल्या महिन्यात रणधीर माझ्या हक्कसोडीचा कागद घेऊन आला. ‘ताई, सही करून ठेव. पुन्हा दवाखान्याच्या धावपळीत ऱ्हाऊन जाईल.’

‘वाचून दाखव,’ मी म्हटले.

त्याने वाचला. एकही ओळ गाळली नाही. ‘ह्यात लपवायसारखं काय हाय?’ म्हणाला. मी सही केली नाही. तो या कलमाविरुद्ध कोर्टात जाईल, तारखा पडत राहतील, आणि आत्या अडुसष्ट वर्षांची आहे. हा हिशेब करूनच कलम लिहिले आहे.

७. ऑगस्टमध्ये मला प्रवासाची परवानगी होती. मी तुळजापूरला गेले. आत्या लॉजच्या गच्चीवर चादरी वाळत घालत होती. मी गाळलेल्या ओळीचे सांगितले. तिने ओल्या चादरीचे टोक माझ्या हातात दिले.

‘धर नीट. भुईला लागतंय.’ मग म्हणाली, ‘मला ठावं होतं की. तू वाचता वाचता थांबलीस, थुका गिळलास, आन पुढची वळ धरलीस.’

‘मग अंगठा का दिला?’

‘न्हाय दिला असता तर दादानं तुझं कालेज बंद केलं असतं. तसं म्हणलाच व्हता मला.’

मी जमिनीचे सांगितले.

‘मला नगं. ह्या वयात कोर्टात हिंडू का? रणधीरला दे आन मोकळी हो. लई वाळलीस गं.’

तिचा नकार मी इथे तिच्या शब्दांत नोंदवला आहे. तरीही कलम ६ तसेच ठेवते. माझ्याकडे देण्यासारखे दुसरे काही नाही.

८. कादंबरी प्रसिद्ध करू नये. कोणी पूर्ण करू नये. पान १७१ बदलून ती दुरुस्त होईल, असे ऑगस्टपर्यंत मला वाटत होते. ती फसवलेल्या बाईची कादंबरी आहे, आणि आत्या फसली नव्हती. दोनशे चाळीसपैकी प्रत्येक पान ती फसली असे धरून लिहिले आहे. पाया चुकलेल्या भिंतीला गिलावा करू नये. निकिताने खर्ड्यांतून शिकता येईल तेवढे शिकावे आणि मग ते रद्दीत द्यावेत. ज्याच्यावर लिहायचे आहे तो जिवंत असेल, तर पहिल्या खर्ड्याआधी त्याच्याकडे जाऊन यावे. मी सातव्या खर्ड्यानंतर गेले.

नवीन लिहायला मला किमान दोन वर्षे लागली असती. डॉक्टर महिन्यांत बोलतात. ऑक्टोबरमध्ये सुरुवात केली, चार वाक्ये झाली. पुढचे जमत नाही, कारण अंगठा दिल्यावर आत्या घरी परतताना काय विचार करत होती, ते मला माहीत नाही. फोनवर ती ‘जेवलीस का’ याच्यापुढे जात नाही. ही चार वाक्ये मी तपासली आहेत. एवढ्यांचीच हमी देते, आणि ती हरवू नयेत म्हणून नोंदणी होणाऱ्या या कागदात लिहून ठेवते:

बाईला सगळं माहीत होतं. पोरगी एका ओळीपाशी थांबली, तेव्हा बाईनं मान वर केली नाही. शाईच्या पॅडवर अंगठा दाबून तिनं विचारलं, ‘कुठं उठवायचा?’ पोरगी घाबरलेली होती, म्हणून बाईनं घाई केली.

(सही)
अर्पिता उत्तरेश्वर बारकुल

अर्पिता यांनी आम्हा दोघांच्या समक्ष सही केली आणि आम्ही त्यांच्या समक्ष केली. या कागदात आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: गौरीशंकर महालिंगप्पा पाटणे, प्रयोगशाळेतील सहकारी, रा. कळंब (सही)
साक्षीदार २: शुभांगी सोमलिंग हत्ते, घरमालकीण, रा. कळंब (सही)

स्थळ: कळंब, जिल्हा धाराशिव
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५