कावीळ नव्हती

मी, खाली सही करणारी, निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, वय अडुसष्ट, मुलांच्या भाषेत 'झुरळबाई', हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे डॉक्टर मनोविकारतज्ज्ञ असून सव्वीस वर्षं माझ्यावर उपचार करत आहेत. वकीलबाई म्हणाल्या, "हे वाक्य काढा हो, भावाच्या हातात आयतं कोलीत द्याल." वाक्य राहणार आहे.

१. राहतं घर, दोन खोल्या आणि मागचं अंगण, माझ्या शाळेला द्यावं. अट एकच. नववीला 'मनाचे आजार' हा धडा दर वर्षी पूर्ण तासभर शिकवावा. अट मोडल्यास घर धाकट्या भावाकडे जावं, म्हणजे शाळेवर नजर ठेवायला कोणीतरी राहील.

२. भिंतीवरचं घड्याळ मुख्याध्यापकांना. या धड्याच्या तासाला ते दर वर्षी दारात येऊन म्हणत, "बाई, परीक्षेला नाही ना हे? उरका की." घड्याळ चालू स्थितीत आहे.

३. भावाला वडिलांचं शाईचं पेन. याच पेनाने त्याने माझा रजेचा अर्ज लिहिला. तेव्हा मी अंथरुणातून उठत नव्हते, वर्गाच्या आठवणीनेही रडू यायचं. तीन महिने मनोरुग्णालयात होते. अर्जात त्याने कारण लिहिलं, कावीळ. "ताई, खरं लिहिलं तर माझ्या पोरींची लग्नं जमायची नाहीत," म्हणाला. सही मीच केली, हेही नमूद करते. त्याच्यावरचा राग इथे संपला. पुढे शाळेत जेवण असलं की "बाईंना तळलेलं नको, लिव्हर नाजूक आहे" म्हणत सगळे माझ्या ताटात उकडलेल्या भाज्या वाढत. मी निवृत्त होईपर्यंत त्या निमूट गिळल्या. माझ्या आठवणीत कोणी जेवण ठेवलंच, तर सगळं तळलेलं असावं.

४. मेंदूचा लाकडी नमुना प्रयोगशाळेला. त्याचा डावा भाग सैल आहे. मुलांच्या हातून पडला तर ओरडू नये.

५. रजेवरून परतल्यावर दुसऱ्याच वर्षी मी नववीला सांगत होते, मधुमेह लपवत नाही तसा हाही आजार लपवू नये. खिडकीजवळच्या एका मुलीने हात वर केला. "बाई, तुमच्या ओळखीत कोणाला झालंय असं?" मी म्हणाले, "नाही गं." "मग फक्त माझ्या आईलाच," असं पुटपुटून ती खाली बसली. वर्ग हसला. नंतर वर्षभर तिचा हात वर झाला नाही. इतक्या वर्षांच्या शिकवण्यातलं हे एक खोटं मला अजून खातं.

गोळ्या मी जवळच्या दुकानातून कधीच घेतल्या नाहीत, बसने लांब जात असे. चार वर्षांपूर्वी तिथल्या काउंटरमागे तीच मुलगी उभी. तिने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं. मला पळून जावंसं वाटलं. ती एवढंच म्हणाली, "बाई, रिकाम्या पोटी घेऊ नका हं." तेव्हापासून दर महिन्याला भेटतो, पण ती चूक सुधारायला माझी जीभ काही रेटली नाही.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असं वकीलबाई सांगतात, आणि साक्षीदार मला तीच हवी. म्हणून तिला वस्तू देत नाही. रजेच्या अर्जाची प्रत नववीच्या वर्गात लावावी. 'कावीळ' मी लाल शाईने खोडून वर 'नैराश्य' लिहिलं आहे. धडा संपल्यावर तिचा प्रश्न वर्गाला वाचून दाखवावा आणि माझं उत्तरही: "हो गं. मला."

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवला. सही करण्यापूर्वी एक ओळ वाढवते. वाचून झाल्यावर दुसऱ्या साक्षीदाराने डोळे पुसले, हात वर केला आणि विचारलं, "बाई, सही कुठे करू?"

ठिकाण: राहतं घर, जेवणाचं टेबल
तारीख: नऊ ऑक्टोबर, सकाळची गोळी घेतल्यानंतर

(सही) मृत्युपत्र करणारी
(सही) साक्षीदार पहिले: माझे डॉक्टर
(सही) साक्षीदार दुसरी: औषधविक्रेती, माझी विद्यार्थिनी