डॉक्टरीणबाई बाकावर

ता. ४ जून

चि. सौ. डॉक्टरीणबाईस,
सासूचे भरघोस आशीर्वाद.

मी ठणठणीत. तू सांगितलंस म्हणून मीठ कमी केलं, तिखट बोलणं तेवढं ठेवलंय.

तुझ्या वॉर्डातल्या नर्सबाई फोनवर सगळं ओकल्या. राउंड घेताना तुला घेरी आली म्हणे. पेशंटच्याच खाटेचा दांडा धरलास आणि वर त्यालाच बरं वाटतंय का म्हणून विचारलंस! तो बिचारा घाबरून हो म्हणाला. माझ्या लेकाला झापलं, तर म्हणतो ती स्वतःच डॉक्टर आहे. म्हटलं, बाबा, न्हाव्याला तरी स्वतःच्या मानेवरचे केस कापता येतात का?

तू लोकांची माणसं उभी करतेस, त्याचा मला केवढा तोरा आहे ते शेजारणींना विचार. पण तूच आडवी झालीस तर मी मिरवू कुणाला? कोट काढ आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखव.

लोभ आहेच, वाढवायचा तर आधी रक्त तपासून घे.
तुझी खाष्ट सासू

ता. ९ जून

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

घेरी महिन्याभरापासून येत होती. रजा घेतली की माझी ड्यूटी दुसऱ्याच्या बोडक्यावर पडते, म्हणून इथे कुणीच आजारी पडत नाही.

तुमचं पत्र आलं आणि कोट काढून पेशंटच्या बाकावर बसले. शेजारच्या आजींनी सरकून जागा दिली, घाबरू नकोस म्हणाल्या. तेवढ्यात आमचे मोठे सर्जन आले. वाटलं, आता ओरडणार. तर तेही टेकले आणि हळूच म्हणाले, कित्येक वर्षांत त्यांनी स्वतःचं बीपी मोजलेलं नाही. माझ्यानंतर त्यांचा नंबर लागला!

माझं रक्त फारच कमी निघालं. असंच रेटलं असतं तर ऑपरेशन करतानाच कोसळले असते. आता गोळ्या आणि पंधरा दिवस सक्तीची रजा. माझी ड्यूटी सरांनी वाटून दिली, अर्धी स्वतःकडे घेतली.

रागवा, पण पत्रातूनच.
तुमची सून

ता. १३ जून

चि. सौ. डॉक्टरीणबाईस,
पोटभर आशीर्वाद.

शाबास गं! ऑपरेशनं काय, शिकलेले सगळेच करतात. स्वतःच्याच दवाखान्यात पेशंट होऊन बसायला छाती लागते. तुझ्या सरांनाही माझा नमस्कार सांग.

रजा इथे काढ. सून लोळतेय आणि सासू राबतेय म्हणून गल्ली बोलेल. बोलू दे, त्यांनाही काहीतरी काम हवं.

लोक म्हणतात, मी तुला मुलगीच मानते. छे! मुलगी असतीस तर माझं ऐकलं असतंस का?

ये लवकर. लोभ समोर बसून करू.
तुझी सासू